समुद्रापाशी तुटलेला माग

"सोनवळचा सगळ्यात मोठा लाभार्थी कोण?"

हा प्रश्न मी विचारला. माईकवर. तहसीलदार मॅडम, नगराध्यक्ष, आमच्या मुख्याध्यापिका हिवराळे मॅडम आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली चारशे माणसं, सगळ्यांच्या देखत. कारण एकच. भैरवी आणि तहूरा, माझ्या दोन जिवाच्या मैत्रिणी, मागच्या रांगेतून म्हणाल्या होत्या, "विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर दाबेली आमच्याकडून. नाही विचारलंस तर तू जुनीच शर्वाणी."

जुनी शर्वाणी म्हणजे आठवीपर्यंतची मी. त्या मुलीला वर्गात "मॅडम, पाणी प्यायला जाऊ?" एवढं वाक्यसुद्धा आधी दोनदा मनात म्हणून बघावं लागायचं. मग नववीत एकदा आभार प्रदर्शन करणारी मुलगी ऐन वेळी आजारी पडली, हिवराळे मॅडमनी माझ्या हातात कागद कोंबला आणि मी सत्तावीस जणांचे आभार एका दमात मानले. टाळ्या पडल्या! तेव्हापासून सोनवळमध्ये कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी मी असतेच. आणि आभारांना आमच्याकडे तोटा नाही. शाळेतल्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा देणगीदारांची नावं रंगवलेली आहेत. लाईट गेली की वाचता येतात.

त्या दिवशी 'माग केंद्रा'चं उद्घाटन होतं. पहिला प्रश्न विद्यार्थ्याने विचारायचा असं ठरलेलं, आणि मला हिवराळे मॅडमच्या अक्षरात प्रश्न लिहूनही दिला होता: 'आमच्या शाळेच्या वृक्षारोपणावर किती खर्च झाला?' मी तो कागद घडी करून मुठीत धरला आणि मैत्रिणींचा प्रश्न विचारून टाकला.

सगळे हसले, कारण उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तात्या ढवळे! तीन मजली बंगला, दोन गाड्या आणि गरिबांसाठी असलेलं पिवळं रेशनकार्ड. तात्या तिसऱ्या रांगेत बसले होते, ते एकदम पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

स्टेजवर बाळसं फूड्सचे संचालक लोणकर साहेबही होते. ते सगळ्यांत मोठ्याने हसले. "वा! धीट पोरगी आहे. कुणाची?"

सातव्या रांगेत माझे पप्पा अर्धवट उठून उभे राहिले. "माझी, साहेब. आपल्या अकाउंट्समधला डोईफोडे."

"शाबास, डोईफोडे!" साहेब म्हणाले, आणि पप्पा खाली बसायचंच विसरले.

आता हे 'माग' काय प्रकरण आहे ते सांगते.

डॉ. मालिनी गावडे या पाण्याच्या अभ्यासक. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाऊस पडतो, पाणी खडकाच्या भोकांत गडप होतं आणि मैलभर लांब कुठल्या तरी झऱ्यातून बाहेर येतं. कुठलं पाणी कुठल्या झऱ्यात जातं ते शोधायला त्या भोकात एक निरुपद्रवी रंग टाकायच्या आणि प्रत्येक झऱ्यावर बसून पाणी तपासायच्या. रंग हजारो लिटर पाण्यात मिसळला तरी हरवत नाही, नुसता फिका होतो. किती फिका झाला ते मोजलं की त्या झऱ्यात त्या भोकाचं पाणी किती, ते कळतं.

मग त्यांच्या डोक्यात आलं, पैशालाही रंग लावता येईल का? तोवर सरकारचा सगळा व्यवहार ई-रुपयात सुरू झालेला होता. त्यांनी सरकारी तिजोरीतून निघणाऱ्या प्रत्येक ई-रुपयावर आकड्यांची एक खूण ठेवली. खुणेचे दहा रुपये बिनखुणेच्या नव्वदांत मिसळले की शंभरच्या शंभर रुपयांवर दहावा हिस्सा रंग. ते पुढे कुठे गेले की तिथे अजून फिका. 'माग' नावाच्या यंत्राने असे कोट्यवधी व्यवहार एकत्र सोडवायचे, म्हणून उत्तराला नऊ दिवस लागतात. एकेकट्या माणसाचा हिशोब यंत्र मुद्दाम धूसर करतं, शेजाऱ्याच्या खात्यात डोकावता येत नाही. फक्त मोठमोठी डबकी दिसतात, जिथे पैसा येऊन साचतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. गावडे बाईंनी न घेतलेला पैसाही धरला! आईने तुम्हाला खाऊला दहा रुपये दिले काय, किंवा सामानातून उरलेले दहा परत मागितले नाहीत काय, तुमच्या खिशात दहाच. तसंच सरकारने कुणाला पैसे दिले काय, किंवा कर माफ केला, जमीन फुकट दिली, विजेचं बिल निम्मं केलं काय. दोन्हीवर रंग तोच.

प्रश्न कुणीही विचारू शकतं, पण नाव देऊन. एकदा विचारला की मागे घेता येत नाही, आणि उत्तर चौकातल्या फलकावर लागतं.

ते नऊ दिवस शाळेत नुसती धमाल. "तात्यांनी रेशनकार्ड जाळलं म्हणे!" ही बातमी मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकली. पाचव्या दिवशी मात्र तात्यांना मी विसरूनच गेले. घरी पाकीट आलं होतं. दहावीनंतर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात जायचं हे माझं नववीपासूनचं स्वप्न. त्यांची प्रवेश परीक्षा मी पास झाले होते, पण दोन वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च म्हणजे पप्पांचा दीड वर्षाचा पगार. आणि पाकिटात लिहिलं होतं की तो सगळा खर्च बाळसं फूड्सची शिष्यवृत्ती करणार!

पप्पांनी ते पत्र चार वेळा वाचलं. मग गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र नीट केलं, भाजी आणायला जातानाही ते त्यांच्या गळ्यात असतं, आणि पेढे आणायला गेले. आई अंगणवाडी सेविका आहे. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. पुणे! मी आरशात बघून "हाय, आय ॲम शर्वाणी फ्रॉम सोनवळ" असं सतरा वेळा म्हटलं.

नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजता चौकात जत्रा. तात्या स्वतः आले होते, घाम पुसत. फलक उजळला.

गेल्या दहा वर्षांत सोनवळमध्ये आलेल्या सरकारी पैशातल्या दर शंभर रुपयांपैकी एकसष्ट रुपये एका जागी साचले होते. बाळसं फूड्समध्ये.

खाली तपशील होता: एक रुपया भाड्याने साठ एकर जमीन, विजेची सवलत, करमाफी आणि अंगणवाड्यांना पुरवलेल्या पोषण पाकिटांचं बिल. रेशन, पेन्शन, शिष्यवृत्त्या, बायकांच्या खात्यात येणारे पैसे, हे सगळं मिळून बावीस. आणि त्याच्यापुढे यंत्राने एक ओळ लिहिली होती जी तहूराने मोठ्याने वाचली. "बायकांच्या खात्यातला सरासरी मुक्काम, साडेचार दिवस."

"म्हणजे काय गं?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे अम्मीच्या हातात पैसा टिकत नाही," तहूरा म्हणाली. "किराणावाला, गॅसवाला, माझी वहीपेन्सिल. संपलं. आम्ही डबकं नाही, आम्ही नळ आहोत."

तात्या ढवळे फलकावर दिसायलासुद्धा फार लहान निघाले. "बघा! मी म्हणत नव्हतो?" असं म्हणत ते छाती पुढे काढून निघून गेले. त्यांनी कधी काय म्हटलं होतं कोण जाणे.

फलकाच्या तळाशी शेवटचं वाक्य होतं: 'एकसष्टपैकी चव्वेचाळीस रुपये देशाबाहेर जातात. समुद्रापाशी माग तुटतो.'

शनिवार होता. मी तशीच आईच्या अंगणवाडीत गेले. आई वजनकाट्यावर एका पोराला बसवत होती आणि ते पोर काट्यावर नाचत होतं. कोपऱ्यात बाळसंच्या पाकिटांची चळत. पाकिटावर गुटगुटीत बाळाचं चित्र.

"आई, हे मुलं खातात?"

"खाऊन बघ."

मी चिमूटभर तोंडात टाकलं. भिजवलेला पुठ्ठा आणि वर साखर. मी पूर्वीही पाकिटं घरी बघितली होती, पण चव कधी घेतली नव्हती.

"वाटणं माझं काम, ते मी करते," आई म्हणाली. "मग घरोघरी जाऊन बघते तर पाकीट शेळीपुढे. सोनवळच्या शेळ्यांचं वजन घे एकदा. सरकारी तक्त्यात हिरव्या रेघेच्या वर जातील."

तेवढ्यात पप्पा आले. धापा टाकत. जेवणाच्या सुट्टीत ते कधी कंपनीच्या बाहेर पडत नाहीत.

"शर्वू, ऑफिसात सगळे मला विचारताहेत. तुला हा प्रश्न कुणी शिकवला?"

"दाबेलीने," मी म्हटलं. ते हसले नाहीत. मग मी खरंच विचारलं, "पप्पा, माग समुद्रापाशी का तुटतो?"

पप्पा लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसले, गुडघे छातीशी आले. "कारण पुढे ई-रुपया चालत नाही. खूण पुसली जाते."

"पण पैसे जातातच कशाला?"

"नावासाठी." ते आईकडे न बघता म्हणाले. "बाळसं हे नाव आपल्या कंपनीच्या मालकीचं नाही. एका बेटावर एक ऑफिस आहे, त्यांच्या मालकीचं आहे. नाव वापरायचं म्हणून आपण त्यांना दर वर्षी अडतीस कोटी देतो. ते खर्चात धरले की इथे नफा उरत नाही. नफा नाही, तर कर नाही."

आईने काट्यावरचं पोर खाली उतरवलं. "बाळसं हे नाव बेटाचं? अहो, माझी आजी पोरांना तेल लावताना म्हणायची तो शब्द आहे हा!"

"वंदना, कायद्यात बसतं."

"त्या ऑफिसात कोण बसतं?"

"कुणी नाही. पाटी आहे." पप्पांनी वर बघितलं. "मी नुसती व्हाउचरं करतो. चौदा वर्षं करतोय. चुकीचा एक पैसा लिहिलेला नाही कधी."

आणि हे खरं होतं. माझे पप्पा दुकानदाराने जास्त दिलेले दोन रुपये परत द्यायला माघारी चालत जातात. ते खोटं बोलत नव्हते आणि तरी समोर शेळ्यांचं खाद्य रचलेलं होतं.

दोन दिवसांनी लोणकर साहेब आमच्या घरी आले. स्वतः, मोटार गल्लीच्या तोंडाशी ठेवून. आईने चहा केला. मला वाटलं होतं रागावतील, पण ते माणूस म्हणून गोडच आहेत, हे सांगायला हवं.

"बेटा, तुझा प्रश्न चांगला होता," ते म्हणाले. "पण उत्तराला दुसरी बाजू असते. सवलत मिळाली नसती तर आम्ही कारखाना शेजारच्या राज्यात टाकला असता. आठशे घरं जेवतात त्याच्यावर. तुझंसुद्धा."

"हो काका," मी म्हटलं. मला खरंच उत्तर सुचलं नाही.

"या शुक्रवारी शिष्यवृत्तीचा कार्यक्रम. आभार तूच मानायचे. मजकूर आमच्या लोकांनी लिहिलाय, आणि हे कृतज्ञतापत्र. त्यावर सही झाली की चेक. मग लोक ते फलकाचं वगैरे विसरून जातील."

मजकुराचं पहिलं वाक्य होतं, 'बाळसं परिवाराने मला घडवलं.' आई आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. घडवलेलं माणूस समोर, आणि घडवणारी कपबशी धरून उभी!

ते गेल्यावर पप्पा म्हणाले, "एका कागदाचा तर प्रश्न आहे, शर्वू. पुणं आहे पुढे."

"हं," मी म्हटलं. मलाही पुणं हवंच होतं. खूप हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी माग केंद्रात जाऊन माझ्या नावाने अजून एक प्रश्न टाकला: बाळसं शिष्यवृत्तीतले शंभर रुपये मुळात कुठून आले? हा प्रश्न छोटा होता, उत्तर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच आलं. मी ते तहूरा आणि भैरवीला शाळेच्या जिन्यात दाखवलं.

भैरवीने वाचलं. "शंभरातले त्र्याण्णव सरकारी? आणि सरकारकडे कुठून आले?"

"साबण. टूथपेस्ट. मोबाईलचं रिचार्ज. चपला. या सगळ्यावर आपण कर भरतो ना, तो."

तहूरा जिन्यावरच बसली. "म्हणजे आमच्याच साबणाचे पैसे तुला द्यायचे आणि वर थँक्यू त्यांना म्हणायला लावायचं? काय डोकं आहे, यार!"

"आता काय करणार?" भैरवीने विचारलं. "नाही म्हटलंस तर पुणं गेलं."

"माहीत नाही," मी म्हटलं.

शाळेच्या सभागृहात कार्यक्रम. दारावर 'बाळसं सभागृह' अशी पितळी अक्षरं. भाषणं झाली, हार झाले, नारळ झाले. मग माझं नाव. माईक माझ्यापेक्षा उंच होता, तो मी खाली केला. टेबलावर कृतज्ञतापत्र आणि त्याच्यावर पेन. पहिल्या रांगेत पप्पा. हातात मोबाईल, माझा व्हिडिओ काढायला.

मजकूर उघडला. 'बाळसं परिवाराने' इथपर्यंत वाचलं आणि माझा आवाज जुन्या शर्वाणीचा झाला. अगदी तसाच, पाणी प्यायला जाऊ विचारणारा. मग मला आश्चर्य वाटलं. चारशे माणसांसमोर न घाबरणारी मी, हे एक वाक्य वाचताना का घाबरते?

मी कागद मिटला.

"या कार्यक्रमासाठी ज्यांचे आभार मानायचे त्यांची यादी माग केंद्राने आज सकाळी दिली आहे," मी म्हटलं. "ती मोठी आहे, पण मी दमाने वाचते. गेल्या वर्षी ज्यांनी ज्यांनी अंगाचा साबण विकत घेतला, त्यांचे मी आभार मानते. ज्यांनी मोबाईलचं रिचार्ज मारलं, त्यांचे आभार. ज्यांनी शाळेसाठी मुलांना चपला घेतल्या, त्यांचे. डोक्याला तेल लावणाऱ्या सगळ्यांचे. माझ्या शिष्यवृत्तीतले शंभरातले त्र्याण्णव रुपये तुमचे आहेत. उरलेले सात बाळसं फूड्सचे. त्या सात रुपयांबद्दल लोणकर साहेबांचेही मी मनापासून आभार मानते."

मागून तहूराची अम्मी ओरडली, "अगं, मी भांड्यांचा साबण पण घेते!"

"त्याबद्दलही आभार, खाला!" मी म्हटलं.

आणि सभागृह जे हसलं! हिवराळे मॅडमनी पदर तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. टाळ्या वाजल्या त्या मला नव्हत्याच. लोक एकमेकांकडे बघून वाजवत होते, जणू त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी स्टेजवर बोलावलं होतं. लोणकर साहेबांनीही तीनचार टाळ्या वाजवल्या, सभ्य माणसासारख्या, आणि चहाला न थांबता गेले. पेन टेबलावर तसंच राहिलं.

पप्पांचा मोबाईल खाली गेला होता. घरी आईने "जेवायला चला" म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "सात रुपये. चौदा वर्षांत मी हा भागाकार एकदाही केला नाही." मग ताटावर बसले, पण भाकरी नुसती मोडत राहिले. भाषण करताना मजा वाटली होती, खोटं कशाला सांगू? पण पप्पांचं ते उतरलेलं तोंड मी यादीत धरलं नव्हतं.

पुढच्या पंधरवड्यात गोष्टी भराभर झाल्या. आईने आणि बाकीच्या सेविकांनी मिळून तिसरा प्रश्न टाकला: पोषणाच्या शंभर रुपयांतले किती मुलांच्या ताटात येतात? उत्तर आलं, एकोणीस. ते फलकावर लागलं त्या दिवशी नगरपंचायतीची बैठक होती आणि तिथे इतक्या बाया जमल्या की नगराध्यक्षांना खुर्ची सोडून खिडकीत बसावं लागलं. ठराव झाला. सहा महिने अकरा अंगणवाड्यांत पाकिटं बंद, बचतगटाच्या बाया तिथेच गरम जेवण रांधणार. तहूराची अम्मी एका गटाची प्रमुख झाली. पहिल्या दिवशी मुगाची खिचडी आणि वर शेंगदाण्याची चटणी होती. काट्यावर नाचणारं ते पोर दोनदा वाढून घेऊन तिथेच झोपलं.

कारखाना कुठे गेला नाही. भोंगा रोज वाजतो. आठशे घरांचं जेवण चालू आहे. लोणकर साहेबांना द्यायचं उत्तर मला असं उशिरा मिळालं.

आणि एका मंगळवारी शाळेतून येताना मी माग केंद्राच्या रांगेत पप्पांना बघितलं. पांढरा शर्ट, हातात निळी फाईल. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"पप्पा, काय विचारणार?"

"विचारायचं नाही, सांगायचंय." त्यांनी घसा साफ केला. "जिथे माग तुटतो तिथे माहीतगार माणूस पुरवणी जोडू शकतो. तसा नियम आहे, वाचला मी. त्या बेटावरून पैसे परत येतात, शर्वू. कर्ज म्हणून. लोणकरांच्या घरच्या कंपनीला. त्या कर्जाची पत्रंही मीच टाईप केली आहेत."

"नोकरी?"

"पुरवणी देणाऱ्याला काढता येत नाही. कायद्यात बसतं," ते म्हणाले, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले.

काढलं नाही, पण गोदामावर बदली केली. पगार तोच, ओव्हरटाईम बंद. फलकावरचा माग समुद्र ओलांडून परत सोनवळच्याच एका बंगल्यापर्यंत आला, आणि कर खात्याची नोटीस त्यामागोमाग. तिचं पुढे काय होईल ते अजून कुणालाच ठाऊक नाही. वकील मोठे आहेत म्हणे.

उरला प्रश्न पुण्याचा. प्रवेश पक्का करायची मुदत आठ दिवसांवर होती.

रविवारी सकाळी आई शेंगा फोडत होती, मी तिच्यासमोर, पप्पा दारात पेपर घेऊन. पण पेपरचं पान उलटत नव्हतं.

"बायपासवरचा प्लॉट काढतो," पप्पा म्हणाले. "दर बरा आलाय."

"तो प्लॉट म्हणजे आपलं उद्याचं घर आहे," आई म्हणाली. "त्यापेक्षा इथेच अकरावी करू दे तिला."

"इथे प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शी दुर्बीण आहे. तिच्यात भिंगसुद्धा नाही."

"सरकारची शिष्यवृत्ती आहे ना? आणि मुलींचं वसतिगृह? अंगणवाडीत पोस्टर लागलंय. आपलं उत्पन्न बसतं त्यात."

पप्पांनी पेपर खाली ठेवला. "ते गरजूंसाठी असतं, वंदना. आपण पगारदार माणसं. पाचवीत हिला योजनेतली सायकल मिळत होती, तेव्हाही मी नाही म्हटलं होतं. हप्त्याने घेतली, पण स्वतःची घेतली. लोक काय म्हणतील, डोईफोडेंनी हात पसरला?"

आईने शेंग फोडली. दाणा उडून पप्पांच्या पायाशी गेला. कुणी उचलला नाही.

मी उठले. हात झटकले. जुन्या शर्वाणीसारखं मनात दोनदा म्हणून बघावंसं वाटलं, पण नाही बघितलं.

"आई, पप्पा, माझं ठरलंय. मी पुण्याला जाणार आहे आणि सरकारच्या पैशाने जाणार आहे. प्लॉट विकायचा नाही. पप्पा, तुम्ही साबण घेता, रिचार्ज मारता, तुमच्या पगारातूनही कापतात. या गावात दहा वर्षं सगळ्यांनी भरलंय, त्यातलं थोडं मी घेणार, शिकणार, आणि परत येऊन गावडे बाईंचं ते गणित अजून पुढे नेणार. कुणाला कृतज्ञतापत्र लिहून देणार नाही. उद्या सोमवार. तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी साडेनऊपासून रांग लागते, आणि दाखला वडिलांच्या नावाचा लागतो. तेव्हा नऊ वाजता तयार राहा, पप्पा. तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात."